दवाखान्यात मयत झाली तर: शवागार ते कबरस्तान, या चुका टाळा

पप्पा गेले तेव्हा गुरुवारची रात्र होती, अकरा वाजून गेले होते. डिसेंबर महिना. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच. ‘उद्या दुपारी दफन करू, तोवर भाऊ इस्रायलहून येईल,’ असं मनाशी ठरवलं आणि दवाखान्याने पुढे केलेल्या कागदांवर सह्या करत गेले. मशिदीत फोन केला तो सकाळी आठला. (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात.) पप्पांना माती मिळाली रविवारी सकाळी. तीन रात्री ते शवागाराच्या कप्प्यात होते, शेजारी आपलं कुणी नाही. ते अजून सलतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून कुठे कुठे चुकलं ते सांगते.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या फोनची. नातेवाइकांना कळवणं, शववाहिनी ठरवणं नंतर होतं. पहिला फोन हझानना (मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा तहारा, म्हणजे मृताची विधिवत आंघोळ, करणाऱ्या मंडळींना करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पुरुषाला पुरुष आणि बाईला बायाच आंघोळ घालतात, त्यामुळे माणसं जमवायला वेळ लागतो. कबर खणायलाही काही तास जातात. शिवाय वॉर्डमध्ये काय सांगायचं हे त्यांना माहीत असतं. नळ्या काढताना अंगावर रक्त आलं असेल तर ते पुसून टाकू नका, रक्ताने भिजलेला कपडा फेकू नका, असं सिस्टरना वेळेवर सांगावं लागतं. शेवटच्या वेळी वाहिलेलं रक्त मृताबरोबरच मातीत जावं, असा आपला नियम आहे. मी काहीच सांगितलं नव्हतं. चादर कचऱ्यात गेली.

दुसरी चूक कागदांची, आणि आपल्या नावांमुळे ती फार होते. शुक्रवारी दुपारी शवागाराच्या खिडकीतून आतला माणूस म्हणाला, ‘‘ताई, नाव जुळत नाही.’’ आधारवर शालोम, पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या पट्टीवर सलीम! भरती करताना कुणीतरी ऐकून लिहिलं होतं आणि तेच नाव मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर उतरलं होतं. ते दुरुस्त करायला ज्यांची सही हवी ते डॉक्टर संध्याकाळी येणार होते. डिसेंबरात मुंबईकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हाच शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागतो आणि तो लागला की दफन नाही. शनिवारी तारे दिसल्यावर करता आलं असतं, पण त्या रात्री खणायला माणूस मिळाला नाही. म्हणून रुग्ण भरती झाला त्याच दिवशी हातावरच्या पट्टीवरचं नाव आधारशी ताडून बघा. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर कारणाचा हा दाखला नमुना ४ वर देतात, घरी झाला तर ४ अ वर. हातात पडल्या पडल्या तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, त्यामुळे पक्क्या दाखल्यासाठी दफन अडवून धरू नका.

शवविच्छेदनाचं नाव काढलं की घरात रडारड आणि भांडण सुरू होतं. आधी शांतपणे विचारा, पोलीस केस आहे का? अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर ते कायद्याने होणारच, तिथे हुज्जत घालून फक्त तास वाया जातात. पोलीस आणि डॉक्टरांना एवढंच विनवा, की शक्य तितकं कमी कापावं आणि तपासणीला लागेल तेवढं सोडून बाकी सगळं शरीरात परत ठेवावं. ‘रात्री होत नाही’ असं सांगितलं तर नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने सूर्यास्तानंतरही परवानगी दिल्याचं सांगा. मात्र सोय असलेल्या रुग्णालयातच ते होतं, आणि खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेल्या प्रकरणांत सहसा होत नाही. पोलीस केस नसताना केवळ आजार समजून घ्यायला डॉक्टर विचारत असतील, तर नाही म्हणायचा हक्क घरच्यांना आहे.

कपड्यांचं थोडक्यात. मी पप्पांचा लग्नातला सूट इस्त्री करून घेऊन गेले होते. तो परत आणला. गरीब असो की श्रीमंत, पांढरं साधं कफनच, आणि त्याला खिसा नसतो.

आता परदेशातल्या मुलांसाठी थांबण्याचं. हे लिहिताना हात जड होतो, कारण भावासाठी सगळं थांबवून ठेवणारी मीच. मुलगा पोचावा म्हणून थोडा उशीर केलेला चालतो, तो मृताचाच मान समजतात. पण विमानाची वेळ आणि सूर्यास्त दोन्ही कागदावर लिहून हझानना दाखवा, मग ठरवा. भाऊ शुक्रवारी दोनला उतरला, म्हणजे तसा वेळेत आला होता, पण कागदांनी घात केला. वाट पाहायचीच असेल तर शवागाराच्या बाहेर बसून तेहिलीम (स्तोत्रं) वाचायची परवानगी तरी मागा. शरीर एकटं सोडू नये म्हणतात, आणि बाहेरचा बाक कुणी नाकारत नाही. हे मला नंतर कळलं.

उलटंही होतं. इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोनाकडे गेलेल्या आपल्या माणसांचं तिथे निधन झालं की इथून गेलेले नातेवाईक बिचकतात. तिकडे शवपेटी सहसा नसतेच, नुसत्या कफनात गुंडाळून कबरीत उतरवतात. त्यात अनादर काही नाही, तिथली रीतच ती आहे. दफनाचा नेहमीचा खर्च तिकडची राष्ट्रीय विमा संस्था उचलते, म्हणून घाईघाईने पैसे जमवू नका.

अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे दहा पुरुष जमत नाहीत म्हणून मयत मुंबईला हलवावी का, असं विचारतात. मिन्यान, म्हणजे हे दहा जण, नसतील तर कदीश ही मृतासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही, पण दफन होतं. शरीराला प्रवास घडवू नका. कदीश नंतर मशिदीत म्हणता येतं.

शेवटची गोष्ट आजच करून ठेवता येईल. शनिवारी रात्री हझाननी फोनवर हश्काबासाठी (मृताच्या शांतीच्या प्रार्थनेसाठी) पप्पांचं हिब्रू नाव विचारलं, त्यांच्या आईवडिलांच्या नावांसकट. मला आजोबांचं फक्त घरगुती नाव ठाऊक होतं. शेवटी अश्दोदच्या आत्याला झोपेतून उठवलं, तिने सांगितलं. सात दिवस झाल्यावर आईच्या कपाटात केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, सापडला. त्यात पप्पांचं आणि आजोबांचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. आता त्याची झेरॉक्स आधार कार्डांच्या फाइलमध्येच ठेवली आहे आणि मागच्या बाजूला पप्पांच्या आईचं नाव लिहून ठेवलंय.