बीएफएसची सीडी जाळताना

बीओएस किंवा हायकू या ऑपरेटिंग सिस्टिम्समधल्या फाइल्स साध्या आयएसओ ९६६० (सीडीची नेहमीची फाइल रचना) सीडीवर टाकल्या की त्यांचे अ‍ॅट्रिब्यूट्स, म्हणजे ईमेलचा विषय, फाइलचा प्रकार वगैरे, गळून पडतात. त्यापेक्षा थेट बीएफएसचीच (या सिस्टिम्सची स्वतःची फाइल सिस्टिम) इमेज, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये, जाळावी (सीडीवर लिहावी). सीडीच्या आकाराहून थोडी लहान रिकामी फाइल तयार करा आणि ती बीएफएसमध्ये फॉरमॅट करताना ब्लॉक (साठवणुकीचा सर्वांत लहान तुकडा) २०४८ बाइट्सचा ठेवा. सीडीचा डेटा सेक्टर तेवढाच असतो. १०२४ चालणार नाही. मग ती माउंट करून (डिस्कसारखी सिस्टिमला जोडून) फाइल्स कॉपी करा.

जाळण्याआधी अनमाउंट करायलाच हवं, इथे घाई नको. बीएफएस जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवते. ते अर्धवट राहिलं तर हार्ड डिस्कवर पुढच्या माउंटला निस्तरलं जातं, पण सीडीवर लिहिताच येत नाही. इमेज डेटा ट्रॅक म्हणूनच जाळा. विंडोजला मात्र ही सीडी वाचता येणार नाही.