मुलगा आईला 'तुम्ही' म्हणू लागला तर

आमच्याकडे सुरुवात 'तुम्ही'नं झाली. चोवीस वर्षं "ए आई, पोळी वाढ गं" म्हणणारा मुलगा एका सकाळी मला म्हणाला, "तुम्ही इथे काय करताय?" मला वाटलं, चेष्टा करतोय. ग्वाल्हेरात लष्कर नावाच्या भागात आमचं जुनं घर. मी, तो आणि माझे दीर, असे तिघं राहतो. स्किझोफ्रेनियाचं निदान आधीच झालेलं होतं, पण गोळ्या त्यानं गुपचूप बंद केल्या होत्या. आठवड्याभरात त्याची खात्रीच पटली, की आईला कुणीतरी नेलंय आणि तिच्यासारखी दिसणारी बाई तिच्या साड्या नेसून घरात वावरतेय.

ज्यांच्या घरी हे आत्ता चालू आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. सगळ्यात आधी एक करा: आपण खरेच आहोत हे सिद्ध करायला जाऊ नका. मी गेले होते. अल्बम काढले, त्याच्या मुंजीचे फोटो दाखवले. शेवटी बाही वर करून कोपराजवळचा डाग दाखवला. तो लहान असताना त्याच्यासाठी दूध उतरवताना भाजलं होतं तो. त्यानं डागावर बोट फिरवलं आणि पांढराफटक पडला. "डागसुद्धा हुबेहूब केलाय," म्हणाला. त्या रात्री तो झोपलाच नाही. पुराव्यानं भीती वाढते, हे मला त्या डागानं शिकवलं.

हा काप्ग्रा भ्रम. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच डॉक्टरांनी 1923 साली एका सहकाऱ्यासोबत अशा एका बाईंची हकीकत लिहिली. नवरा आणि मुलं बदलली गेलीत असं त्या बाईंना वाटे. आजचं एक मान्य स्पष्टीकरण असं, की चेहरा ओळखला जातो, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं ते हलत नाही. चेहरा आईचा, पण आईपण जाणवत नाही. मग आजारी मन त्याचा अर्थ लावतं, की ही दुसरीच कुणीतरी आहे. हे कळल्यावर माझा राग गेला. तो मला नाकारत नव्हता, मला शोधत होता.

काही रुग्णांना आवाज मात्र ओळखू येतो. आमचं तसंच निघालं. मी मागच्या खोलीतून फोन लावला, तर म्हणाला, "आई, कुठे आहेस गं? लवकर ये, घरात एक बाई बसलीय." मी तोंडात पदर कोंबून ऐकलं. तुमच्याकडेही असं असेल तर फोनवर दोन शांत शब्द बोला, जेवला का विचारा. पण नंतर समोर येऊन "बघ, मीच होते" म्हणू नका. फोनवरचा विश्वासही जाईल.

समोर असताना त्याच्या म्हणण्याला हो म्हणायचं नाही आणि वादही घालायचा नाही. मी म्हणायचे, "तुला मी आई वाटत नाहीये, कळलं मला. भीती वाटतेय का? काकांना बोलावू?" ज्या माणसाबद्दल शंका नाही, त्याच्या हातून गोळी, पाणी, जेवण द्या. आमच्याकडे ते काम दिरांनी केलं. गोळी चोरून अन्नात घालू नका. मी एकदा ताकात विरघळवली, त्याला चव लागली, आणि तीन दिवस त्यानं घरचं काही तोंडात घातलं नाही.

सुरक्षिततेबाबत संकोच नको. ज्याच्यावर संशय, त्याच्यावर हल्ल्याचा धोका असतो, मुलगा कितीही गुणी असला तरी. विळी, सुऱ्या, बत्ता कुलपात ठेवा. एकाच खोलीत एकटं झोपू नका, त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका. धमकी दिली तर बाहेर पडा आणि 112 लावा. सल्ल्यासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही चालतो. "बाहेरचं असेल, उतरवून घ्या" म्हणणारे भेटतील. त्यात दिवस घालवू नका. ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा आहे, तिथे जायला लाज कसली?

डॉक्टरांना "भ्रम होतो" एवढंच सांगू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा: कुणाबद्दल, कधीपासून, धमकी दिली का. डोक्याला मार लागला होता का, नशा करतो का, तेही सांगा. घरातल्या वृद्धाला हे अचानक सुरू झालं तर ताप, लघवीचा संसर्ग, स्मृतिभ्रंश तपासून घ्या. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलसारखी भ्रमावरची औषधं घातक ठरू शकतात, म्हणून आधीचे कागद बरोबर न्या. तरुणांच्या बाबतीत, दोन औषधं पुरेशी देऊनही उतार नसेल तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा. त्यात नियमित रक्ततपासणी लागते.

उतार हळूहळू पडतो. आमच्याकडे आधी भीती गेली, खात्री बरीच उशिरा. मधे तो "बहुतेक तूच आहेस" म्हणायचा, आणि मी तेवढ्यावर थांबायचे.

आता तो बरा आहे, गोळ्या चालू आहेत. मी एक वही ठेवते: झोप किती, जेवण किती, मला काय म्हणून हाक मारली. गेल्या महिन्यात पाहुण्यांसमोर एकदा "तुम्ही बसा" म्हणाला. सगळ्यांनाच म्हणाला असेल. मी तारीख घालून लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवलं.