घरच्यांसाठी चुण्यांचा कापडी मास्क

आधी कापड उजेडासमोर धरून पाहा. पलीकडची वस्तू स्पष्ट दिसली तर वीण विरळ आहे, ते नको. घट्ट विणीचं सुती पॉपलीन सगळ्यात सोयीचं. होजिअरी ताणली की तिची छिद्रं मोठी होतात, म्हणून जुना टी-शर्ट टाळलेला बरा. कापण्यापूर्वी कापड गरम पाण्यात धुऊन इस्त्री करा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यातच आटतं आणि मग मास्क हनुवटीपर्यंत पुरत नाही.

मोठ्या माणसासाठी ९ × ७ इंचांचे तीन तुकडे आणि ७ इंचांचे दोन बारीक इलॅस्टिक लागतात. शाळकरी मुलासाठी तुकडे ७½ × ५½ आणि इलॅस्टिक ६ इंच. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क घालायचाच नाही.

बाहेरचा तुकडा सुलट बाजू वर करून पसरा. डाव्या-उजव्या बाजूच्या कोपऱ्यांवर इलॅस्टिकची टोकं कडेला लावून कच्चा टाका घाला. मधला भाग आतच राहील, पीळ पडू देऊ नका. त्यावर अस्तर सुलट बाजू खाली करून ठेवा आणि वर तिसरा थर. पाव इंच माया (कडेचं शिवणीबाहेरचं कापड) सोडून चारी बाजूंनी टीप मारा, कोपऱ्यांवर मागे-पुढे दोनदा. वरच्या कडेला मधोमध दोन इंच उघडं ठेवा. कोपरे तिरपे छाटून मास्क उलटा आणि इस्त्री फिरवा.

आता नाकाची तार. ही वगळायचा मोह होतो, पण चष्म्यावर वाफ धरते ती बहुतेक वेळा इथल्याच फटीतून. चार इंचांची ॲल्युमिनियमची पट्टी किंवा प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार घ्या. उघडी लोखंडी तार धुण्यात गंजते. टोकं दुमडा, नाहीतर ती कापड भोसकून बाहेर येतात. उघड्या भागातून तार वरच्या कडेला सरकवा, कडेलगत टीप मारून तोंड बंद करा, मग तारेच्या खालून आणि दोन्ही टोकांशी टीप मारा. सुई तारेवर बसली की मोडलीच.

चुण्या तीन, प्रत्येकी अर्धा इंच खोल, बाहेरून पाहताना सगळ्यांची तोंडं खाली. वर तोंड केलं तर धूळ साठते. टाचण्या फक्त कडेला लावा, मधे टोचून भोकं पाडू नका. मोठ्यांच्या मास्कमध्ये बाजूची उंची साधारण साडेतीन इंच उरली पाहिजे. जास्त उरली तर गालाशी फट राहते. बोलताना मास्क नाकावरून घसरत असेल, तर चुण्या उथळ पडल्या आहेत.

बाजूची टीप हे सगळ्यात अवघड काम. चुणीपाशी तीन थरांचे नऊ होतात, शिवाय आतली माया. १६ नंबरची सुई लावा, टाका थोडा लांब ठेवा आणि त्या जागी पायडल सोडून चाक हाताने फिरवा.

कान दुखत असतील तर इलॅस्टिकऐवजी १६ इंचांच्या चार नाड्या लावा. मास्क रोज साबणाच्या गरम पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरा. दमट मास्कमधून श्वास घेणं जड जातं. कापडी मास्क एन-९५ची जागा घेत नाही. घरात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याने एन-९५च वापरावा.