कोड खुला झाला, नाव कंपनीकडेच राहिलं: या चुका टाळा

कंपनीने आपलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स केलं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना वापरायला खुला केला, की सगळे आधी लायसन्स बघतात. अपाची की जीपीएल (ही दोन्ही अशा कोडची प्रचलित लायसन्स), एवढं कळलं की झालं. भांडण मात्र पुढे नावावरून पेटतं. अपाची लायसन्स 2.0 चं सहावं कलम स्वच्छ सांगतं, की या लायसन्सने ट्रेडमार्क वापरायचा हक्क मिळत नाही. कोड कुठून आला हे सांगण्यापुरता उल्लेख चालतो. तिथपर्यंत वाचत जाणारे विरळाच.

नाव कोडच्या पोटात शिरू देणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. ओरॅकलने 2017 मध्ये जावा ईईचा (मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या जावाचा) सगळा पसारा एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवायचं जाहीर केलं. कोड दिला, ‘जावा’ हे नाव दिलं नाही. 2018 मध्ये जकार्ता ईई हे नवं नाव ठरलं. दुकानाची पाटी बदलली म्हणून कुणाचं काही अडलं नसतं, पण जुनं नाव प्रत्येक डेव्हलपरच्या फाइलीत होतं: वरच्या इम्पोर्टच्या ओळींत, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे (पॅकेजं) नावाने मागवणाऱ्या ओळींत, जावाएक्स.सर्व्हलेट, जावाएक्स.पर्सिस्टन्स. मे 2019 मध्ये कळलं की या पॅकेजांबाबतची ओरॅकल आणि एक्लिप्सची बोलणी फिसकटली. आहेत तशी वापरा, पण त्यांत भर घालायची नाही. मग 2020 च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई 9 मध्ये सगळं जकार्ता या उपसर्गाखाली हलवलं. या आवृत्तीचं मुख्य काम म्हणजे हे नामांतर!

त्याचा फटका अजून बसतोय. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरच्या आवृत्ती 9 वर सुरळीत चाललेली वॉर फाइल (वेब ॲपची बांधलेली फाइल) 10 वर टाकली की सर्व्हलेटचा क्लासच सापडत नाही. माणूस क्लासपाथ (क्लास शोधायच्या जागांची यादी) तपासतो, जार (लायब्ररीच्या फाइली) बदलून बघतो. अशा वेळी एररमधला उपसर्ग आधी वाचा. तिथे जावाएक्स दिसलं, की जुना कोड नव्या सर्व्हरवर आहे. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या 2 वरून 3 वर जातानाही हेच.

आता घाईत होणारी चूक: सरसकट फाइंड-रिप्लेस. जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो, जावाएक्स.नेमिंग ही पॅकेजं जावा एसईची, म्हणजे मूळ जावाची आहेत, ती जागची हललेली नाहीत. जावाएक्स.ट्रान्झॅक्शन हललं, पण त्याच्या आतलं एक्सए हे उपपॅकेज तिथेच राहिलं. हे माहीत नसलं तर रात्र जाते. शिवाय पर्सिस्टन्सच्या एक्सएमएल फाइलीतली प्रॉपर्टींची नावं आणि स्ट्रिंग म्हणून लिहिलेली क्लासची नावं कंपायलर पकडत नाही, ती वेगळी शोधा. मूळ सोर्सच हाती नसेल, तर टॉमकॅट 10 मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर करून वॉर त्यात टाका; टॉमकॅट रूपांतर स्वतः करतो. वेळ मारून न्यायला हे पुरतं. कायमचं यावर विसंबू नये असं माझं मत.

मालकीचा प्रश्न भांडण होईपर्यंत न विचारणं

हडसन हे बिल्ड सर्व्हर (कोड आपोआप बांधून तपासणारं सॉफ्टवेअर) सन कंपनीत असताना कोहसुके कावागुची यांनी लिहिलं. 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी कोड गिटहबवर हलवायची वेळ आली आणि नाव आमचं, अशी भूमिका ओरॅकलने घेतली. जानेवारी 2011 मध्ये कम्युनिटीने मतदान घेतलं: नाव बदलण्याच्या बाजूने 214, विरोधात 14. जेन्किन्स हे नवं नाव तिथून सुरू झालं. पुढे ओरॅकलने हडसन एक्लिप्सकडे दिलं खरं, पण तोवर माणसं निघून गेली होती. हीच उदारता सहा महिने आधी दाखवली असती, तर आज आपण सगळे ‘जेन्किन्स पाइपलाइन’ऐवजी ‘हडसन पाइपलाइन’ म्हणत असतो.

नवं नाव न शोधता उचलणं

बोर्लंडने 2000 मध्ये इंटरबेस डेटाबेसचा कोड खुला केला, पण ते नाव कंपनीचंच होतं. म्हणून त्यातून फुटलेल्या प्रकल्पाने फायरबर्ड हे नाव घेतलं. इकडे नेटस्केपच्या कोडमधून उभ्या राहिलेल्या मोझिलाने ब्राउझरला आधी फिनिक्स म्हटलं. त्यावर फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या ट्रेडमार्कची अडचण आली. मग एप्रिल 2003 मध्ये नवं नाव घेतलं, तेही फायरबर्ड! डेटाबेसवाले खवळले. फेब्रुवारी 2004 मध्ये फायरफॉक्स झालं, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं.

फोर्कसाठी (खुल्या कोडमधून फुटून निघालेल्या प्रकल्पासाठी) नाव निवडताना गिटहब आणि डोमेन बघून थांबू नका. भारतात ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर नाव ऑनलाइन शोधता येतं. सॉफ्टवेअरसाठी ट्रेडमार्कचा वर्ग 9 बघाच, पण क्लाउड सेवा देणार असाल तर 42 सुद्धा. उच्चारावरून शोधायचा पर्यायही वापरा, नाहीतर स्पेलिंगमधल्या एका अक्षरामुळे आधीचं नाव नजरेतून निसटतं.