'कॉन्फ्लिक्ट' मराठीत आणताना

परभणीत बसून भाषांतराची कामं करतो मी. 'कॉन्फ्लिक्ट' दिसला की नवी पोरं डोळे झाकून 'संघर्ष' लिहितात. थांबा. आधी बघा, कोण कुणाला भिडलंय?

शेजाऱ्यानं बांध कोरला, तर तो तंटा. सरकारनंसुद्धा २००७ साली मोहीम काढली ती 'तंटामुक्त गाव' नावानं. 'संघर्षमुक्त' म्हटलं असतं तर पारावर कुणी ढुंकून बघितलं नसतं. घरात रोजचंच धुमसत असेल तर कलह. जायकवाडीच्या पाण्यावरून वरच्या धरणांशी आपला चालतो तो वाद, कारण तिथं कायदा, कागद, कोर्ट आलं. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीशी झाला तो संघर्ष. 'लढा' त्याहून झणझणीत. मन दोन्हीकडं ओढत असेल तर द्वंद्व.

खरी फसगत होते ती जिथं भांडणच नसतं तिथं. परीक्षेचे दोन पेपर एकाच वेळी आले, हाही इंग्रजीत कॉन्फ्लिक्टच. मी एकदा 'वेळापत्रकाचा संघर्ष' लिहिलं, छापूनही आलं. अजून कानकोंडं होतं! 'पेपर एकाच वेळी आले' एवढं पुरे. दोन साक्षी जुळत नसतील तर विसंगती. सरपंचानं भावालाच कंत्राट दिलं, तर पुस्तकी लोक 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणतात. संघर्ष कसला, दोघं एका ताटात जेवतात! मी लिहितो, 'सरपंचाचा स्वार्थ आडवा आला.'

अडलंच तर वाक्य आईला वाचून दाखवतो. तिनं "म्हंजी?" विचारलं की खोडरबर.