लॉनवरचं कापलेलं गवत स्वीपरने कसं गोळा करावं

खारघर, ऐरोली किंवा घोडबंदर रोडवरच्या मोठ्या कॅम्पसमध्ये पावसाळ्यात गवत इतकं माजतं, की मोवर (गवत कापायचं यंत्र) फिरवल्यावर मागे कापलेल्या गवताचे ढीग पडतात. ते उचलले नाहीत तर दोन-तीन दिवसांत काळे पडून कुजतात आणि खालचं गवत पिवळं पडतं. तुमच्याकडे वर बसून चालवायचा राइड-ऑन मोवर किंवा छोटा ट्रॅक्टर असेल, तर त्यामागे ओढायचा लॉन स्वीपर, म्हणजे ब्रशने गवत झाडून झोळीत भरणारं यंत्र, घ्यायला हरकत नाही. लॉन दोन बॅडमिंटन कोर्टांएवढंच असेल तर मात्र सोसायटीच्या कमिटीने हा खर्च करू नये, दाताळं आणि खराटा पुरे.

दर वेळी गवत उचलायलाच हवं असंही नाही. पात्याची एक तृतीयांशच उंची कापली तर बारीक तुकडे मातीत जिरतात आणि नत्र परत मिळतं. कापलेल्या गवताचे गठ्ठे दिसत असतील तरच स्वीपर बाहेर काढा.

आधी वाफसा पाहा, म्हणजे जमीन पुरेशी सुकली आहे ना ते बघा. स्वीपरला स्वतःचं इंजिन नसतं. चाकं फिरली की गिअरमधून ब्रश चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरतात आणि गवत मागच्या झोळीत फेकतात. ओल्या गवतावर चाक घसरलं की ब्रशही मंदावले. त्यात ओलं गवत ब्रशच्या केसांत गुंतून त्याचा नमद्यासारखा थर बसतो. नवी मुंबईत बरीचशी जमीन भरावाची, त्यामुळे पाणी साचलेल्या भागात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात त्या वेगळ्याच. तेव्हा उघडीप मिळाली की गवत कापा, कापलेलं ऊन्हात थोडं सुकू द्या आणि मगच उचला. पाऊस नसेल तेव्हाही दव उडेपर्यंत थांबा. सकाळी सातला ही कामं उरकण्याचा माळ्यांवरचा आग्रह सोडलेला बरा.

मैदान एकदा चालून घ्या. दगड, नारळाच्या झावळ्या, जाड काटक्या, पतंगाचा मांजा, प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचून टाका. मांजा ब्रशच्या दांड्याला गुंडाळला की सोडवताना जीव मेटाकुटीला येतो.

जोडणी. हिचची, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या जोडाची, पिन घालून तिला क्लिप लावाच. ओढदांडा जमिनीला साधारण समांतर राहील अशी जोडणी करा.

ब्रशची उंची. खरं कौशल्य इथेच लागतं. सपाट जागी उभं करून ब्रशची टोकं गवतात साधारण अर्धा इंच बुडतील एवढी उंची ठेवा. दहा-पंधरा पावलं ओढून मागे वळून बघा. गवत मागे राहत असेल तर ब्रश एक खाच (उंचीची एक पायरी) खाली घ्या. ब्रश जमिनीला घासत असेल, माती उडत असेल किंवा चाकं फरफटत असतील तर एक खाच वर. हरळी आणि मऊ कार्पेट ग्रास एकाच मैदानात असेल, तर दोन्हीकडे वेगळी खाच लागू शकते.

ओढताना वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे भरभर चालण्याएवढा ठेवा. फार हळू गेलात तर ब्रश गवत झोळीपर्यंत फेकतच नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवा. उतारावर आडवं न जाता वर-खाली जा, आणि मुलांना मागे बसू देऊ नका.

झोळी काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. दोन तृतीयांश झाली की रिकामी करा, नाहीतर गवत पुढूनच सांडायला लागतं. सपाट जागी ताडपत्री अंथरून तिच्यावर झोळी तिची दोरी ओढून पालथी करा, म्हणजे ढीग ताडपत्रीसकट ओढत नेता येतो. ब्रशमध्ये काही अडकलं तर आधी इंजिन बंद, चावी खिशात, मग हात घाला.

गवताचं काय करायचं? नाल्यात लोटू नका, जाळूही नका. बागेचा कचरा आवारात वेगळा साठवायला सांगणारे आणि जाळायला मनाई करणारे घनकचऱ्याचे नियम २०१६ पासूनच आहेत. नुसत्या हिरव्या गवताचा ढीग केलात तर तो तापतो, चिकट होतो आणि अमोनियाचा वास सुटतो. मग तक्रारी येणारच. एका टोपलीला दोन टोपल्या सुका पाला, असे थर लावा. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांचा पाला उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवला तर तो या वेळी कामी येतो. तणनाशक मारलेलं गवत मात्र खतात घालू नका.

काम झालं की झोळी झटकून पूर्ण वाळवा, आपल्या दमट हवेत तिला बुरशी लवकर धरते. ब्रश सगळ्यात वरच्या खाचेत ठेवून मगच स्वीपर शेडमध्ये लावा. वजन ब्रशवर राहिलं तर केस एका बाजूला वाकतात, आणि वाकलेला ब्रश पुढच्या पावसाळ्यात नीट झाडत नाही.