फायरवॉलला हात लावायच्या आधी

नेट स्लो झालं म्हणून थेट फायरवॉलच्या (मॉडेम आणि घरातल्या नेटवर्कच्या मधे बसून ये-जा तपासणारा डबा) सेटिंगमध्ये घुसू नका, आधी थोडी जमवाजमव करा, नाहीतर स्लो नेटचं बंद नेट होतं आणि घरातले सगळे डोक्यावर येऊन उभे राहतात. ती बोलणी मी दोनदा खाल्लीयेत.

सगळ्यात आधी कॉन्फिगचा, म्हणजे सगळ्या सेटिंगचा बॅकअप काढा आणि लॅपटॉपवर ठेवा, फायरवॉलमध्येच ठेवलेला बॅकअप काय कामाचा. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतोय ना बघा, कारण नेट गेल्यावर शोधाशोध त्यावरच करायचीय. आणि कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट डब्यात शिरायची केबल) किंवा मॉनिटर-कीबोर्ड लावून आत शिरता येतं का ते आजच करून बघा, लॅन पोर्टचंच (घराकडच्या बाजूचं) सेटिंग चुकलं की फायरवॉलचं वेब पेजच उघडत नाही, मग ते दुरुस्त कुठून करणार!

टेस्टसाठी लॅपटॉप केबलनेच जोडायचा, वायफायवरचे आकडे इथे धरायचे नाहीत. यूएसबी अडॅप्टर वापरणार असाल तर तो यूएसबी २ चा नको, त्याची कागदावरचीच मर्यादा ४८० एमबीपीएस आहे, म्हणजे गिगाबिट (१००० एमबीपीएस) लाइन असली तरी दोष उगाच फायरवॉलवर जायचा.

आता केबल. कॅट ५ई किंवा त्यावरच्या दोन केबल बाजूला काढा, पण दुसरीकडे गिगाबिटवर चालताना स्वतः पाहिलेल्या, ड्रॉवरमधून निघेल ती नाही. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला मात्र १, २, ३ आणि ६ नंबरच्या चारच पुरतात, त्यामुळे उरलेल्या चारातली एखादी तुटली की लिंक बंद न पडता बऱ्याचदा गुपचूप १०० वर येते आणि नेट चालू असतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही. स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकलीय? मग आधी केबलच बदला. मी एकदा अख्खी संध्याकाळ सेटिंग उलटसुलट केली, शेवटी बघतो तर प्लगची क्लिप तुटलेली, प्लग अर्धा मिलिमीटर बाहेर आलेला, बोटाने आत दाबला तर लगेच १०००.

वही घ्या, खरंच कागदाची. फायरवॉलवर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर असेल तर इफकॉन्फिग, लिनक्सवाली असेल तर ईथटूल, या कमांडमधून प्रत्येक पोर्टचा स्पीड आणि डुप्लेक्स (डेटा एकाच वेळी दोन्हीकडे गेला तर फुल, आळीपाळीने गेला तर हाफ) उतरवून घ्या, एरर किती आहेत तेही (पीएफसेन्स-ओपीएनसेन्सवर ते नेटस्टॅट कमांडमध्ये दिसतात), आणि दहा मिनिटांनी परत बघा, आकडा वाढत असेल तर केबल, पोर्ट किंवा डुप्लेक्समध्ये घोळ आहे. स्पीड हाताने फिक्स करायचा मोह टाळा. एका बाजूला १०० फुल फिक्स आणि दुसरी ऑटोवर, असं केलं की ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्सवर जाते, पिंग व्यवस्थित येतो पण डाउनलोड रांगतो, आणि हे शोधणं म्हणजे डोक्याला ताप. तांब्याच्या केबलवर गिगाबिटला ऑटो निगोशिएशन (दोन्ही बाजूंनी स्पीड आपसात ठरवणं) लागतंच, तेव्हा दोन्हीकडे ऑटो ठेवा.

एक रीडिंग लॅपटॉप सरळ मॉडेमला लावून घ्यायचं, त्याआधी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं कनेक्शन) असेल तर त्याचा युजरनेम-पासवर्ड शोधून ठेवा, आणि मॉडेम नवीन मशीनला ओळखत नसेल तर एकदा बंद-चालू करा. तिथेही स्लो असेल तर फायरवॉल बिचारी निर्दोष, सर्व्हिसवाल्याला फोन लावा. आयपर्फ (दोन मशीनमधला स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर) मात्र फायरवॉलच्या दोन बाजूंच्या दोन मशीनवर चालवा, फायरवॉलवरच चालवलं तर तिचा प्रोसेसर त्यातच गुंततो.

बाकी चालू काय काय आहे ते लिहून ठेवा: आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी तपासणी), हार्डवेअर ऑफलोड (प्रोसेसरचं काही काम नेटवर्क कार्डाने करणं), एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, पीपीपीओईवर सहसा १४९२ बाइट), आणि ट्रॅफिक शेपर (स्पीडला मर्यादा घालणारं सेटिंग). प्लॅन वाढवला पण शेपरमध्ये जुनाच आकडा राहिला, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

आणि बदल एका वेळी एकच, प्रत्येकानंतर टेस्ट, वहीत वेळेसकट नोंद. रात्री सगळे झोपल्यावर बसा, तेवढंच शांतपणे होतं.